हातानं कापलेली किल्ली

प्रिय दादा,

आई म्हणाली, त्याला नवा पत्ता कळव. म्हणून लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, कारण खुर्च्या काल गेल्या. टेबल त्याच्याही आधी गेलं. कपाट न्यायला आलेल्या माणसांना ते जिन्यात वळवता येईना, तेव्हा आईनं कठड्यावरून वाकून असे काही हुकूम सोडले की खालच्या मजल्यावरच्या मावशी दार लावून घेत म्हणाल्या, बाई गं, हिला तिकडे पोलिसात घेतील. आता घरात उरल्यात दोन गाद्या, थोडी भांडी, दोन मोठ्या बॅगा आणि एक वजनकाटा. सगळ्यात मान वजनकाट्याला. विमानकंपनीनं सांगितलेल्या किलोंमध्ये सगळा संसार बसवायचा, म्हणून आई सकाळ-संध्याकाळ बॅग काट्यावर चढवते, एक स्वेटर काढते, पुन्हा चढवते आणि बॅगेवरच डाफरते.

तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला मध्येच काही सुटल्यासारखं वाटायला नको. युरोपातल्या एका कंपनीनं मला कामावर घेतलंय. जुन्या इमारतींची दारं, कड्या, कुलपं दुरुस्त करायची, उगाच तोडून नवी बसवायची नाहीत, असं त्यांचं काम. माझी परीक्षा कॅमेऱ्यासमोर झाली. त्यांनी पाठवलेलं एक गंजकं कुलूप न फोडता उघडून दाखवायचं होतं. मी उघडलं, आणि पलीकडचे लोक टाळ्या वाजवायला लागले, तर मला वाटलं आवाजात काहीतरी बिघाड झाला. नंतर आपल्या कुलूप-किल्लीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून मी बाबांच्या स्टुलावर नुसती बसून राहिले. तू ज्या देशाला निघाला होतास, त्याच्या शेजारचाच हा देश. नकाशात दोघांच्या मध्ये एक नदी दाखवली आहे, निळ्या दोऱ्याएवढी. आईनं नकाशा मागून घेतला, चष्मा लावला, नदीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललंच नाही. मग म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. मामाच्या घरी एक रात्र मुक्काम करायचा तर जी बाई आठवडाभर आढेवेढे घेते, ती एका वाक्यात तयार! तिची समजूत कशी काढायची याची मी मनात केवढी तयारी करून ठेवली होती, ती सगळी फुकट गेली.

आम्ही दोघी भाषेच्या वर्गाला जातो. म्हणजे मी कधीमधी जाते, आई एकदाही चुकवत नाही. पहिल्या बाकावर बसते आणि मागच्या तरुण पोरांनी कुजबुज केली की वळून बघते. मास्तर तिच्यावर खूश आहेत. पण परवा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमची आई विचारते ते शब्द माझ्या पुस्तकात नाहीत. बाकीचे लोक पाव, बस, घरभाडं, डोकेदुखी असे शब्द विचारतात. ही विचारते नदीकाठ, हद्द, गोठणं, ओळख पटणं. एक वाक्य तर तिनं त्यांच्याकडून कितीदा घोकून घेतलं. मी त्याची आई आहे. मी हसून वेळ मारून नेली. म्हटलं, टीव्हीवर बातम्या फार बघते. पण घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

तुझ्या तयारीची सारखी आठवण येते. मला निदान करारनामा आहे, शिक्के आहेत, विमानतळावर घ्यायला माणूस येणार आहे. तुला होता तो एजंट. पांढरे बूट घालणारा, सगळ्यांना भाऊ म्हणणारा. सामान किती न्यायचं असं तू विचारलंस, तर म्हणाला, पळता येईल एवढंच घ्या. तू ते घरी येऊन हसत हसत सांगितलंस, आणि आम्हीही हसलो, दादा. बाबा तर सगळ्यात जास्त. तुला तिकडे पाठवायची घाई त्यांनाच झाली होती. इथे काय ठेवलंय, दुसऱ्यांच्या किल्ल्या कापत म्हातारा होशील, असं ते येताजाता म्हणायचे. आई एकटीच हसली नव्हती. ती तुझ्या जाकिटाच्या आतल्या बाजूला खिसा शिवत होती आणि दोरा दातानं तोडत होती. मी शाळेतली पोर. तुझं जाकीट घालून आरशासमोर उभी राहिले तर तू म्हणालास, उतरव, खुंटीला जाकीट फक्त टांगायचं असतं. लहानपणी तू तुझं दप्तर माझ्याच गळ्यात अडकवायचास, तेव्हापासून मी खुंटी. हे नाव आता कोणीच घेत नाही.

आणि मग ती किल्ली. घरात कोणी ना कोणी असायचंच, म्हणून तुला स्वतःची किल्ली कधी नव्हतीच. निघायच्या महिनाभर आधी बाबांच्या मनानं घेतलं की याला किल्ली हवी. स्वतःच्या घरात माणूस बेल वाजवून येत नाही, म्हणाले. मशीनवर अर्ध्या मिनिटात झाली असती. पण नाही. मशीनवर कापलेली किल्ली कोणाचीही असते, ही मी हातानं कापणार. कोरी किल्ली शिकंज्यात धरली, कानस घेतली आणि तुझ्याशी गप्पा मारत मारत घासायला बसले. तू तिकडे पोचल्यावर काय काय करशील याच्या गप्पा. त्या रंगल्या आणि कानस घसरली. तिसरी खाच जरा खोल गेली. ज्या माणसाच्या हातची किल्ली आयुष्यात परत आली नाही, त्यानं पोराचीच किल्ली चुकवली! ती लॅचमध्ये जायची, पण फिरायची नाही. किंचित वर उचलून धरली की पहिल्यांदा बारीक खट् व्हायचं आणि मग मोठा खटका पडून दार उघडायचं. बाबा ओशाळले, दुसरी करतो म्हणाले. तू देईनास. म्हणालास, राहू द्या, आवाजावरून कळेल तुम्हाला, मीच आलोय. त्या महिन्यात तू दिवसातून कितीदा विनाकारण बाहेर जायचास आणि खट्, खटाक् करत आत यायचास. शेवटी आई ओरडली, अरे दार आहे की खेळणं.

मग तू गेलास. फोन आले थोडे, मध्येच तुटणारे. शेवटच्या फोनवर म्हणालास, थंडी फार आहे, उद्या नदीपलीकडे गेलो की बोलतो. तो उद्या आलाच नाही. एजंटाचा फोन बंद, त्याच्या ऑफिसच्या जागी शिवणकामाचं दुकान. बाबा सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आले. सगळीकडे एकच उत्तर, तुमचा मुलगा कुठल्या कागदावरच नाही. घरी आल्यावर ते तुझ्या कॉटवर बसायचे आणि दाराकडे कान लावायचे. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, मग छातीचं दुखणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, यांना धक्का बसेल असं काही घडू देऊ नका. दुकानात मात्र गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचे, किल्ली हरवली ना, मग कुलूप बदला, आजच्या आज बदला, हरवलेली किल्ली कोणाच्या हातात आहे तुम्हाला काय माहीत. आणि आपल्या घराचं कुलूप? त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. सगळ्या गल्लीची कुलपं बदलणारं आपलं घर, आणि आपलीच एक किल्ली जगात कुठेतरी हरवलेली.

त्याच दिवसांत एकदा दुकानात एक माणूस आला. वाळलेला, कानटोपी घातलेला, बाहेर चांगलं ऊन असताना. त्याला किल्ली करायची नव्हती, कुलूपही नको होतं. बाबा औषध घेऊन मागे पडले होते, मी मशीनवर होते. त्यानं विचारलं, तुझी आई कुठे भेटेल. बाबांना बोलवू का म्हटलं तर घाईघाईनं म्हणाला, नको, आईच. एका हाताच्या दोन बोटांची वरची पेरं नव्हती, एवढं माझ्या लक्षात राहिलं, कारण आपल्या धंद्यात आधी हात बघायची सवय. मी घराचा पत्ता सांगितला. संध्याकाळी आईला विचारलं, कोण होता गं तो. ती पाठमोरी भांडी घासत होती. म्हणाली, विम्याचा माणूस, चुकून आला होता. तिचा आवाज बसला होता. मी म्हटलं, सर्दी झाली का तुला? ती हो म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू यायला लागलास. आम्ही तिघं आपापल्या कामाला बाहेर असू, आणि घरी येऊन बघावं तर स्वयंपाकघरातली ती खिडकी उघडी. तीच, जी तळहाताच्या टाचेनं दणका मारल्याशिवाय उघडत नाही, आणि जी तुझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही. ओट्यावर पेला पालथा घातलेला. पाणी पिऊन पेला पालथा घालायची तुझी सवय. पहिल्यांदा बाबांनी तो पेला बघितला आणि भिंतीला धरून उभे राहिले. मला वाटलं, झालं, आता हे कोसळणार. पण ते हसले, दादा! कित्येक महिन्यांनी हसले. म्हणाले, आला. तोंड दाखवायला लाजतोय. रिकाम्या हातानं परत आलाय ना, म्हणून. आपण घाई करायची नाही, त्याचा तो येईल समोर. मला खूप भीती वाटली. आपलाच भाऊ, आणि त्याची भीती वाटली. दिवसाउजेडीही घरात एकटी शिरताना मी आधी दार ढकलायचे आणि बाहेरूनच हाक मारायचे, दादा, आहेस का? उत्तर यायचं नाही, पण घर रिकामं आहे असंही वाटायचं नाही.

बाबा त्यावर पुढे कितीतरी वर्षं जगले. चांगले जगले. मला वाटायचं, एक खिडकी आणि एक पेला, एवढ्यावर हा माणूस कसा विश्वास ठेवतो? गिऱ्हाईक शपथा घालून सांगायचं, कुलूप आपोआप बिघडलं, तरी हा माणूस ते खोलून बघितल्याशिवाय मान डोलवायचा नाही. एकदा मी म्हटलं, घरचं लॅच खोलून जरा तेलपाणी करते, तर पटकन म्हणाले, त्याला हात लावू नकोस, मी बघितलंय, बरोबर चाललंय. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा मला जवळ बोलावून म्हणाले, तो येतो, मला पक्कं ठाऊक आहे, कुलूप बदलू नका. मी त्यांना शब्द दिला. ते गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ओढ होती, पण घोर नव्हता.

बाबांनंतर तुझं येणं थांबलं. खिडकी बंद ती बंदच. मी कधी विषय काढला नाही, आईनंही नाही. मग ही नोकरी आली, घर विकायचं ठरलं, आणि मी अडकले. घर घेणाऱ्या नर्सबाई सज्जन आहेत, पण एकट्या राहणार. त्या म्हणाल्या, सगळ्या किल्ल्या माझ्या हातात द्या आणि लॅच तुमच्याच हातानं नवं बसवून द्या, तुमच्यासारखं कोण बसवणार. बरोबरच आहे त्यांचं. मी स्वतः दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण कुलूप बदलायचं म्हणजे मी माझ्या हातानं तुला दाराबाहेर ठेवायचं, आणि बाबांना दिलेला शब्दही मोडायचा. मला ते जमेना. कंपनीला खोटं कारण देऊन मी जायची तारीख पुढे ढकलली. ते पुन्हा थांबणार नाहीत असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. खरं सांगते, जाऊच नये असं मी जवळजवळ ठरवलं होतं. आईला काही बोलले नव्हते, पण तिला काय, नुसता चेहरा पुरतो. आणि त्याच सुमाराला, बाबांनंतर पहिल्यांदाच, ती खिडकी पुन्हा उघडी सापडली.

आई म्हणाली, कुलूप बदलायचंच आहे तर बदल, पण आधी ते नीट खोलून बघ. मी ते लॅच काढून दुकानात नेलं. दारावर तेवढ्यापुरतं दुसरं लावलं. ज्यांवर किल्लीच्या खाचा टेकतात त्या आतल्या पितळी पिना कागदावर ओळीनं ठेवल्या आणि भिंग लावलं. तुला माहीतच आहे, प्रत्येक किल्ली पिनेच्या टोकावर आपला चरा सोडते. जुना चरा काळवंडतो. नवा चरा पिवळाधमक दिसतो. आईच्या आणि माझ्या किल्लीचे चरे एकमेकांत मिसळून गुळगुळीत झालेले होते. पण तिसऱ्या पिनेवर, जरा बाजूला, एक वेगळाच ओरखडा होता. बाबांची कानस जिथे घसरली, नेमका तिथला. त्याच्याखाली जुने, काळे पडलेले, तसलेच कितीतरी. आणि वरचा ताजा, नव्या पितळेचा. बाबा कशाच्या जोरावर एवढे ठाम होते ते मला तेव्हा कळलं. त्यांनी हे बघितलं होतं. दादा, मी दुकानात एकटी मोठ्यानं हसले आणि मग रडले. शटर ओढलं आणि रस्त्यानं तुझ्या वयाच्या प्रत्येक माणसाकडे वळून बघत घरी आले. तेच लॅच पुन्हा दाराला बसवलं. चहा केला तेव्हा कप तीन काढले. आईनं तिसऱ्या कपाकडे बघितलं, तो पुसला आणि जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाते म्हणून मी निघाले आणि आई वर्गाला गेल्यावर परत फिरले. तुला पकडायचंच असं ठरवलं होतं. आतल्या खोलीत, कपाट होतं त्या कोपऱ्यात, दाराआड जमिनीवर बसले. भर दुपार होती, खालून भाजीवाल्याची हाक येत होती. मग जिन्यात पावलं वाजली. किल्ली आत गेली. आधी बारीक खट्. जरा थांबून मोठा खटका. दादा, तो आवाज ऐकला तेव्हा मी पुन्हा शाळेतली पोर झाले. फटीतून बघितलं. आई आत आली. चपला काढल्या. पिशवी ठेवली. सरळ ओट्याशी गेली, तळहाताच्या टाचेनं दणका मारून खिडकी उघडली. पाणी प्यायली, पेला पालथा घातला. मग तुझी कॉट होती त्या मोकळ्या जागेत उभी राहिली, किल्ली दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, आणि त्या परक्या भाषेत म्हणाली, मी त्याची आई आहे. एक शब्द चुकला, तो सुधारून पुन्हा म्हणाली. पदरानं किल्ली पुसली, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि निघून गेली.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. कानटोपीतला तो माणूस विम्याचा नव्हता. तो तुझ्याबरोबर त्या नदीपर्यंत चालला असणार. तुझी किल्ली त्यानं आणून दिली आणि काय झालं ते आईला सांगितलं. बाबांना हे कळलं असतं तर ते त्याच दिवशी गेले असते. तुला पाठवायचा हट्टही त्यांचा आणि चुकलेली किल्लीही त्यांचीच. म्हणून तिनं सगळं पोटात घातलं. नुसत्या खिडकीनं बाबा फसणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुलूपवाल्याची बायको आहे ती. तो कधीतरी कुलूप खोलणार आणि आत बघणार. म्हणून दर वेळी दार तुझ्याच किल्लीनं उघडायचं. आपल्या मुलाचं मरण ती एकटी गिळून बसली, आणि आमच्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा घरात आणत राहिली. आम्ही बापलेक मात्र आमचीच दुःखं कुरवाळत बसलो, आणि तिला विचारलं काय, तर सर्दी झाली का! मला तिचा राग आला, खूप आला. मग तो गेला. राहिली नुसती कणव, आणि ती बोलायची कशी ते कळेना.

संध्याकाळी ती स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आली, साधा एकच खटका. म्हणाली, अगं, ही खिडकी कोणी उघडली? मी तेव्हाच सांगू शकले असते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाबांचं वाक्य माझ्या तोंडून निघालं, दादा आला असेल. ती हळूच बॅगेवर बसली. सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणाली, येतोय ना तो, मग बरं झालं. त्याला नवा पत्ता कळव. चिठ्ठी इथे ठेवून जाऊ, मी नर्सबाईंना सांगते. म्हणजे तुझा जीव इथे अडकून राहणार नाही. तेव्हा मला कळलं की या वेळची खिडकी माझ्यासाठी होती. मी निघावं म्हणून. आणि ती स्वतः इतक्या चटकन का तयार झाली तेही कळलं. ती तुला सोडून जात नाहीये. ती तुझ्याकडेच निघाली आहे.

तर दादा, नवा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, पण हे पत्र तुझ्यासाठी नाही. पाकीट मी उघडंच ठेवणार आहे आणि नर्सबाईंकडे द्यायला म्हणून आईच्याच हातात देणार आहे, कारण माझी आई उघडं पाकीट वाचल्याशिवाय सोडणारी नाही. आई, तोंडानं सांगायला गेले असते तर आपल्या दोघींचाही धीर सुटला असता, म्हणून असं लिहिलं. मला माहीत आहे. आता तू एकटीनं नको धरून ठेवूस. नर्सबाईंच्या दाराला मी आज नवं लॅच बसवलं. आपलं जुनं काढून तुझ्या बॅगेत ठेवलंय, निळ्या स्वेटरात गुंडाळून. वजन वाढलं म्हणून माझे दोन जोड बूट काढले, काटा बघून ओरडू नकोस. तिकडे गेलो की आधी त्या नदीकाठच्या गावांत जाऊ आणि त्याला कुठे पुरलंय ते विचारू, दोघी मिळून. तुझं वाक्य तू म्हण. मी त्याची बहीण आहे, हे मीही मास्तरांकडून शिकून घेतलंय. आणि आपल्या नव्या घराच्या दाराला मी हेच कुलूप बसवणार आहे. ती किल्ली बॅगेत टाकू नकोस, पर्समध्येच राहू दे. तिथलं दार पहिल्यांदा तू उघड, त्याच्या किल्लीनं, मी तुझ्या मागे उभी असताना. जरा वर उचलून मग फिरवायची, पण ते तुला काय सांगायचं.

तुम्हा दोघांचीच,
खुंटी